भिंतीवरचा जलदुर्ग

पडक्या वास्तूचं चित्र घरात लावू नये, हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता सोफ्यामागच्या भिंतीचं माप घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घेते. वास्तुशास्त्राची पुस्तकं सांगतात, बुडणारी जहाजं नकोत, वाळलेली झाडं नकोत, भग्न इमारती तर नकोतच. आणि मी भिंतीसाठी फोटो देते ते समुद्रानं खाल्लेल्या तटांचे, छप्पर गेलेल्या चर्चचे आणि बाभळी-पिंपळांनी वेढलेल्या बुरुजांचे. हा आक्षेप मी कधीच हसण्यावारी नेला नाही. ज्या खोलीत माणूस जेवतो, आजारपणात पडून राहतो, मुलांचा अभ्यास घेतो, तिथल्या भिंतीबद्दल तो हळवा असणारच.

ठाण्यातल्या एका घरात सुनेनं अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा फोटो निवडला होता. सासूबाईंना तो मान्य नव्हता. "पडकं आहे गं हे. सकाळी उठून रोज पडकं कशाला बघायचं?" असं त्यांनी मला थेट विचारलं. मी त्यांना किल्ल्याबद्दल जे माहीत होतं ते सांगितलं. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, तिथं आजही पूजा होते, चहूबाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि ओहोटीला लोक चालत दर्शनाला जातात. त्या थोडा वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आत दिवा लागतो की." फोटो लागला. तेव्हापासून कुठल्याही घरात मी नुसती चौकट ठेवून येत नाही. त्या दगडांच्या आत आज काय चालतं, हे सांगितल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही.

मी मूळची अंतर्गत सजावटीचे फोटो काढणारी. वास्तुविशारदांसाठी नव्या सजवलेल्या घरांचं छायाचित्रण हे माझं पोटापाण्याचं काम होतं आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आजही बरीचशी कमाई त्यातूनच होते. त्या घरांच्या भिंतींवर काय असायचं? फ्रान्समधली जांभळी शेतं, न्यूयॉर्कचा पूल, कुठल्यातरी युरोपीय किनाऱ्यावरचा लाकडी धक्का. मापानं आणलेली, सोफ्याच्या रंगाला जुळणारी चित्रं. घरमालकाला विचारलं तर जागेचं नाव सांगता येत नसे. पुण्यात अशाच एका घराचं काम करताना मालक म्हणाले की त्यांचं मूळ गाव चौल. चौलला लागून रेवदंडा. पोर्तुगीजांचा कोट, त्यात वाढलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, कोटाला भिडलेली काळसर वाळू, समोर कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर. हे सगळं सोडून यांच्या दिवाणखान्यात परका धक्का का, हा प्रश्न मला सोडेना. मी समुद्राकडे कॅमेरा वळवला तो या प्रश्नामुळे.

या कामाचा पहिला मोठा धडा दिशेचा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. पुळणीवर उभं राहून जलदुर्गाकडे बघितलं की संध्याकाळचा सूर्य किल्ल्याच्या मागे जातो. आकाश पेटतं आणि किल्ला काळा पडतो. असे फोटो लोकांना पटकन आवडतात, विकलेही जातात. पण त्यात दगड दिसत नाही. कुलाबा असो, जंजिरा असो की सुवर्णदुर्ग, काळ्या आकृतीत त्यांच्यातला फरकच उरत नाही. दगड बघायचा तर सकाळी जावं लागतं. सह्याद्रीवरून वर आलेला सूर्य किनाऱ्याच्या बाजूच्या तटावर तिरपा पडतो, आणि दोन चिऱ्यांमधली फट, कडांची झीज, शेवाळाची रेघ सगळं सुटं सुटं दिसू लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हा उजेड धुरकट आणि मऊ असतो. ज्यांना लांबवरचं स्वच्छ दिसायला हवं त्यांना ते धुकट आवडत नाही. मला आवडतं, कारण घरातल्या भिंतीवर असा फोटो आरडाओरडा करत नाही.

दुसरा धडा पाण्याचा, आणि तो मला अलिबागजवळच्या एका तांडेलानं दिला. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक बघत होते. तो म्हणाला, "ताई, आज तिथी कोणती ते सांगा. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. तेवढे वाजता पाणी पुरं भरतं." हा हिशेब कोकणात जुना आहे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या सुमारास सुकती. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात काटा बाराकडेही सरकतो. म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, सुकती पहाटे आणि संध्याकाळी. अमावास्येलाही तसंच. रोज पाणी पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे जातं, म्हणून हा गुणाकार बसतो.

घरी येऊन मी हे गणित सूर्याच्या वेळांशी ताडून बघितलं आणि त्यातून जे निघालं त्यानं माझ्या कामाची दिशा ठरली. उधाण येतं पौर्णिमा-अमावास्येला. अलिबागच्या बाजूला उधाणाचं पाणी चार मीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वरखाली होतं. मालवणकडे हा फरक बराच कमी आहे. पण या उधाणाची भरती नेमकी भर दुपारी किंवा मध्यरात्री असते. सूर्योदय-सूर्यास्ताला तटाशी पाणी हवं असेल तर अष्टमीच्या आसपास जावं लागतं, आणि अष्टमीला असतो भांग, तेव्हा पाणी जेमतेम चढतं. उधाणाचं पाणी तटावर आदळतंय आणि वर मावळतीचा केशरी उजेड आहे, असं दृश्य इथं निसर्गच देत नाही.

एका सजावटकारानं माझ्याकडे नेमकी हीच मागणी केली होती. सूर्यास्त, तटाला भिडलेलं उधाण, आणि किल्ल्यावर पौर्णिमेचा चंद्र. संगणकावर तीन फोटो जोडून द्या, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र पूर्वेला, डोंगराच्या बाजूला उगवतो. समुद्रावर तो दिसणारच नाही, आणि पाणी तर सुकतीचं असणार. घर अलिबागच्याच माणसाचं होतं. त्याच्या घरी येणारा कुठलाही कोळी पाहुणा एका नजरेत सांगेल की हे खोटं आहे. मी त्याला पौर्णिमेच्या पहाटेचा फोटो दाखवला. पाणी दूर ओसरलेलं, खडक उघडे पडलेले, चंद्र किल्ल्यामागे समुद्रात उतरतोय आणि पाठीमागून उगवतीचा पहिला उजेड तटावर पोचलाय. एकाच वेळी चंद्र, दगड आणि सुकतीची वाट. हे सगळं त्या किनाऱ्यावर खरोखर होतं, पौर्णिमेच्या आगेमागे आभाळ मोकळं असलं की होतं. सजावटकाराला केशरी रंग नसल्याची हळहळ वाटली, घरमालकाला मात्र तोच फोटो हवा झाला, कारण तो लहानपणी त्याच वाटेनं किल्ल्यावर गेला होता.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते मुरूडच्या पद्मदुर्गानं. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजी महाराजांनी हा कासा बेटावरचा किल्ला उभारला. जंजिऱ्याला जितकी गर्दी, तितकी इथं शांतता. मुरूडहून मासेमारीची होडी ठरवून जावं लागतं, समुद्र खवळलेला असेल तर उतरता येत नाही, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. तिथल्या तटाजवळ गेलं की दिसतं, साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी दगड बोट-बोट आत खाल्लाय, पण दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला आहे. मधाच्या पोळ्यासारखी सगळी भिंत. ज्या चुन्यानं दगड धरून ठेवायचे, तो दगडांपेक्षा जास्त टिकला. उलट कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचले आहेत, लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. दोन किल्ले, दोन्ही समुद्रातले, आणि भिंतीचे दोन वेगळे विचार.

पद्मदुर्गाआधी मी लांबून काढायचे. आकाश, समुद्र, मध्ये किल्ला. पद्मदुर्गानंतर मी तटाला नाक लावून काढू लागले. हात-दोन हात भिंत, बाकी काही नाही. लोक असा फोटो घेतील का, याची मला खात्री नव्हती. पण घरांमध्ये हेच फोटो जास्त टिकले. मोठा सूर्यास्त काही वर्षांत लोकांना दिसेनासा होतो; दोन-तीन घरांतून तो काढून माळ्यावर ठेवल्याचं मी स्वतः बघितलंय. तटाच्या भिंतीचा फोटो मात्र सकाळी एक दिसतो, रात्री दिव्याखाली दुसरा. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या दवाखान्यातून आल्यावर चहा घेताना त्या चुन्याच्या चौकोनांवर नजर फिरवत बसतात, आणि त्यांना अजून प्रत्येक वेळी नवीन फट सापडते. घरातल्या फोटोला पुरून उरायचं असतं. पहिल्याच नजरेत सगळं देऊन टाकणारा फोटो प्रदर्शनात जिंकतो आणि घरात हरतो, असं माझं ठाम मत झालंय.

याच कारणानं मी पाणी 'दूध' करणं जवळजवळ सोडलं. दहा स्टॉपचा, उजेड अडवणारा एनडी फिल्टर लावला की एक पंधरांश सेकंदाचं छायाचित्र मिनिटभराहून मोठं होतं आणि लाटा पुसल्या जाऊन धुकं उरतं. मायकेल केन्नाच्या चौकोनी कृष्णधवल फोटोंनी आणि हिरोशी सुगिमोतोच्या समुद्रचित्रांनी जगभरच्या छायाचित्रकारांना ही ओढ लावली, मलाही लावली. त्या दोघांनी ते का केलं, हे त्यांच्या कामात दिसतं. पण कोकणातल्या फोटोत मिनिटभराचं धुकं आलं की ती जागा स्कॉटलंडची की श्रीवर्धनची, हे कळत नाही. आपल्या लाटांना आकार आहे, खाड्यांच्या मुखाशी गाळाचा रंग आहे. अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत पाणी मऊही होतं आणि परतणाऱ्या लाटेची रेघही राहते. तेवढ्या वेळात ट्रायपॉड हलला तर सगळं वाया, आणि ओल्या वाळूत परतणारी लाट पायांखालची वाळू काढतच असते. म्हणून पाय खोल रोवायचे, दोन-चार लाटा जाऊ द्यायच्या, मगच बटण दाबायचं. खडकांवर कालवांची धार असते, तिथं अनवाणी जायचं नाही. परत आल्यावर ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्यात धुवायचे.

केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेल्या किल्ल्यांत ट्रायपॉडला आणि व्यावसायिक चित्रणाला परवानगी लागते. कागदपत्रांत वेळ जातो, पण ती घेऊनच मी आत जाते. ज्या जागेच्या जिवावर आपण कमावतो तिचे नियम पाळलेच पाहिजेत. तटावर चढून, ढासळत्या जंग्यांवर पाय देऊन मिळवलेला कोन मला नको.

रंगावरून होणारे वाद वेगळेच. "समुद्र जरा निळा करा" ही मागणी नेहमीची. रेवदंड्याचा समुद्र मातकट आहे, वसईचा तर त्याहून. निळा केला की वरचा काळा दगडही निळसर होतो आणि सगळ्या चित्रातली ऊब जाते. मी निळा करत नाही, पण घरच्या दिव्याची काळजी घेते. ३००० केल्विनच्या पिवळसर एलईडीखाली करडा दगड तपकिरी दिसतो, पांढऱ्या ट्यूबखाली तोच थंड. म्हणून छपाईआधी छोटा नमुना काढून तो ग्राहकाच्याच भिंतीवर, त्याच्याच दिव्याखाली, संध्याकाळी बघायचा. सगळ्यांत जास्त तक्रारी या एका सवयीनं थांबल्या. कागद शंभर टक्के सुती, ३०८ ग्रॅमचा, रंगद्रव्याची शाई. चकचकीत कागदावर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि दगड प्लास्टिकचा वाटू लागतो. आकाराबद्दल लोक उगाच घाबरतात. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार बाय चार हजार ठिपक्यांचा असतो. इंचाला दीडशे ठिपके धरले तरी चाळीस इंच रुंदी मिळते, आणि सोफ्यामागची चौकट कोणी वीतभर अंतरावरून बघत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात चौकटीचा खरा शत्रू भिंतीची ओल. पश्चिमेची बाहेरची भिंत किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत मी टाळायला सांगते. चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांना रबराच्या गोट्या लावून भिंतीपासून थोडी फट ठेवते, म्हणजे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. किनाऱ्यावरच्या घरांत लोखंडी खिळा दोन पावसाळ्यांत गंजतो, तिथं पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हूक. उंचीही महत्त्वाची. कलादालनांत चित्राचा मध्य साधारण सत्तावन्न इंचांवर धरतात, कारण तिथं माणसं उभी असतात. आपल्या घरात माणसं दिवाणावर, पाटावर, गादीवर बसलेली असतात. मी आधी घरातल्या माणसाच्या नेहमीच्या जागी बसते, मग पेन्सिलीनं खूण करते.

फोटोतून काय काढायचं, यावर मी बराच विचार केलाय. प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोल हातानं उचलून पिशवीत भरते आणि मग फोटो काढते. वाळत घातलेली जाळी, शाकारलेली होडी, तटाला बांधलेला दोर, हे मात्र राहतं. एका ग्राहकानं जंजिऱ्याच्या फोटोतली शिडाची होडी पुसून टाकायला सांगितली, किल्ल्याच्या भव्यतेत ती आड येते म्हणून. त्याच फोटोसाठी नंतर आलेल्या दुसऱ्या माणसाचे वडील राजपुरीच्या अशाच होडीवर खलाशी होते. त्यानं किल्ल्याकडे बघितलंच नाही. शिडावरचं ठिगळ बोटानं दाखवून तो म्हणाला, "हे असंच असायचं." पहिल्याला मी दुसरा, होडी नसलेला फोटो दिला. जंजिऱ्याच्या त्या फोटोतली होडी जागेवर राहिली.

आपले जलदुर्ग घरांच्या भिंतींवर लावायला सुरुवात आपण केली नाही, हेही मला या कामात समजलं. १७५६ साली इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला, आणि डॉमिनिक सेरेसनं त्या प्रसंगाचं तैलचित्र काढलं. आदल्या वर्षी कमोडोर जेम्सनं पेशव्यांच्या साथीनं सुवर्णदुर्ग घेतला होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनं १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक त्रिकोणी बुरूज बांधला, सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. लंडनला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं माझ्याकडून हर्णैच्या सुवर्णदुर्गाचा फोटो घेतला तो या बुरुजामुळे. त्यांची मुलं त्या टेकडीवर खेळायला जात. त्या बुरुजाचं नाव जिथून आलं तो किल्ला मुलांनी घरात रोज बघावा, असं आईला वाटलं. मी त्यांना हर्णै बंदराच्या बाजूनं, सकाळच्या उजेडात घेतलेला फोटो दिला. खाली अर्धा अखंड खडक आणि त्यावर चढवलेला तट.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. मला मनापासून आनंद झाला. आता येणाऱ्या विचारणाही बहुतेक या चारांच्याच असतात. पद्मदुर्ग, बाणकोट, रेवदंडा, जयगड यांच्याबद्दल विचारणारे कमी, म्हणून मी ते मुद्दाम दाखवते. जयगडचा जांभा पहिल्या पावसानंतर काळसर लाल होतो, तो रंग उत्तरेच्या काळ्या पाषाणात कुठंच मिळत नाही. दुरुस्तीत नवे दगड बसले, नवा चुना भरला की भिंतीचा चेहरा बदलतो. तो बदलायलाच हवा, नाहीतर भिंत राहणार नाही. पण त्याआधी ती कशी होती, हे कोणाच्या तरी घरात मोठ्या आकारात असावं. म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे मी किल्ल्याचं नाव, तटाची बाजू, तारीख, तिथी आणि पाणी चढतं होतं की उतरतं, एवढं पेन्सिलीनं लिहिते.

रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीजांच्या चर्चचा उंच मनोरा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. आता चारच मजले उभे आहेत. १७४० साली कोट मराठ्यांकडे आला त्याच्याही आधीपासून हा मनोरा समुद्रावरून येणाऱ्यांना दिसतोय. पावसाळा संपला की मी तिथं जाते आणि एकाच जागेवरून, एकाच भिंगानं तो टिपते. चौलच्या ज्या गृहस्थांच्या पुण्यातल्या घरातून माझं हे सगळं सुरू झालं, त्यांनी धक्क्याचं चित्र काढून तिथं या मनोऱ्याचा फोटो लावला, आणि काही वर्षांनी दुसरा मागवला, शेजारी लावायला. दोन्हींमध्ये भिंतीतलं पिंपळाचं रोप केवढं वाढलं ते स्पष्ट दिसतं. त्यांच्या मुलीनं ते दोन्ही फोटो दाखवून, मुळांमुळे कुठली फट रुंदावतेय याच्या खुणा करून, संबंधित कार्यालयाला पत्र लिहायचं ठरवलंय. त्यासाठी तिला मूळ आकारातल्या प्रती हव्यात. त्या मी या आठवड्यात छापतेय.